आडोशाच्या बाजूची खोली

मॉरिशसच्या हॉटेलांची पत्रकं आमच्या जेवणाच्या टेबलावर तीन आठवडे पडून होती. त्या तीन आठवड्यांत मी त्यांतल्या एकाही फोटोवर विश्वास ठेवला नव्हता.

कारण सांगतो. गाझियाबादला आमच्या सोसायटीसमोर मार्केट आहे, तिथल्या ट्रॅव्हल एजंटाने आम्हाला तीन हॉटेलांची पत्रकं दिली होती. तिन्ही हॉटेलं बेटाच्या वेगवेगळ्या किनाऱ्यांवर, पण तिन्ही मुखपृष्ठांवर माड एकच होता. पाण्याकडे झुकलेला, बुंध्याला मध्यावर गाठ असलेला, डावीकडची एक झावळी मोडलेली. मी एजंटाकडे जाऊन तिन्ही पत्रकं त्याच्यासमोर शेजारी शेजारी ठेवली. तो म्हणाला, "सर, वहाँ सब पेड़ ऐसे ही होते हैं।" मी मोडक्या झावळीवर बोट ठेवलं. तो पंख्याकडे बघायला लागला.

मग मी किनाऱ्याची रुंदी काढली. फोटोत आरामखुर्च्या होत्या. अशी खुर्ची साधारण दोन मीटर लांब असते, ते धरून पट्टीने मोजलं तर खोलीच्या दारापासून पाण्यापर्यंत पाच मीटर असल्याचा पत्रकातला दावा एकतर खोटा होता, नाहीतर त्या खुर्च्या लहान मुलांच्या होत्या. मुलगी माझ्या मागे उभी राहून चहा पीत होती.

"बाबा, आपण सुट्टीला चाललोय की रेड टाकायला?"

"आधी रेड, मग सुट्टी," मी म्हणालो.

"यार, म्हणूनच आपण कुठे जात नाही."

हे थोडं खरं होतं. केरळात एकदा मी हाउसबोटीवर चढल्याबरोबर लाइफ जॅकेटं मोजली होती. माणसं सहा, जॅकेटं पाच. मी सगळ्यांना सामानासकट खाली उतरवलं. बायको धक्क्यावर बॅगेवर बसून राहिली आणि आमच्याच बोटीत दुसरं कुटुंब बसून निघून गेलं, ते हात हलवत होते. अंदमानचं मी फेरीबोटीच्या वेळापत्रकातल्या घोळामुळे रद्द केलं. त्या दोन्ही वेळी मी बरोबर होतो असं मला आजही वाटतं. फक्त दोन्ही वेळी सुट्टी घरीच गेली.

माझं काम असं आहे. नोएडातल्या एका प्रयोगशाळेत कारखान्यांचे काटे, वजनं, तापमापक तपासायला येतात. काटा खरं बोलतो की नाही, हे सांगणं एवढंच मी तीस वर्षं करतो आहे. आमच्याकडे कुठलंही माप एकदा घेऊन कागदावर चढवत नाहीत. तीनदा घेतात, आणि त्यांतलं एकदा दुसऱ्या माणसाने, पहिल्याचा आकडा न बघता. ही सवय ऑफिस सुटल्यावर सुटत नाही. बायको म्हणते, भाजीवाल्यापासून सासऱ्यांपर्यंत मी सगळ्यांना तीनदा मोजलं आहे.

पण या वेळची गोष्ट वेगळी होती, आणि ती मला माहीत होती.

बायको शाळेत शिकवते. पन्नाशी ओलांडल्यावर तिने पोहायला शिकायचं ठरवलं. सोसायटीचा पूल चार फूट खोल, सकाळी सहा ते सात बायकांची वेळ. पहिला उन्हाळा ती कडेची दांडी सोडायला तयार नव्हती. दुसऱ्या उन्हाळ्यात एक दिवस घरी येऊन ओल्या केसांनीच म्हणाली, "आज मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेले. मध्ये उभी राहिले नाही." मी विचारलं किती मीटर. ती म्हणाली, "तुम्ही मोजा, मी पोहते." तेव्हापासून तिला समुद्रात पोहायचं होतं. आपल्याकडच्या लाटांत नको, फोटोत दिसतं तशा संथ, खाली वाळू दिसणाऱ्या पाण्यात. भोवती प्रवाळाची भिंत असलेल्या बेटांवर तसं पाणी असतं, हे तिने वाचलं होतं.

या वर्षी तिचा उजवा खांदा दुखायला लागला. तपासणीत कळलं, आतला स्नायूबंध अर्धा फाटला आहे. डॉक्टरांनी जुलैच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन ठरवलं. तोपर्यंत सावकाश पोहायला हरकत नाही, दुखेल तिथे थांबायचं, असं ते म्हणाले. ऑपरेशननंतर हात पूर्वीसारखा वर जाईल का, या प्रश्नाला त्यांनी सरळ उत्तर दिलं नाही. मी तो प्रश्न तीनदा विचारला. तिन्ही वेळा उत्तर तेच, "देखते हैं।"

शाळेला सुट्टी मे अखेर ते जून अखेर. त्यातला एक आठवडा जूनच्या मध्यावर आम्हा तिघांना जमत होता. एक तर तो आठवडा, नाहीतर काहीच नाही. बायको मला एवढंच म्हणाली होती, "अहो, हॉटेल तुम्ही शोधा. तुम्हाला तपासल्याशिवाय चैन पडणार नाही, मला माहिती आहे. पण जायचं. बिल्कुल जायचं."

म्हणून मी एजंटाला बाजूला ठेवून हॉटेललाच मेल लिहिला. एजंटाने आमच्यासाठी पूर्व किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात खोली तात्पुरती धरून ठेवली होती, त्याच हॉटेलला. चौदा प्रश्न. खोलीच्या दारापासून भरतीच्या वेळी पाणी किती अंतरावर, ओहोटीच्या वेळी किती. पाण्याचं तापमान. तळाला वाळू की खडक. नववा प्रश्न असा होता: माझी पत्नी चार फूट खोल तलावात पोहायला शिकली आहे, जूनमध्ये तुमच्या समोरचं पाणी तिच्यासाठी पुरेसं संथ असेल का? दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, त्यात फक्त माझा फोन नंबर मागितला होता. मला ते आवडलं नाही. लेखी प्रश्नाला लेखी उत्तर असतं. तरी मी नंबर दिला.

शनिवारी सकाळी सव्वाअकराला फोन आला. बायको पालकसभेसाठी शाळेत गेली होती. नंबर परदेशी होता. मुलगी म्हणाली, "उचल ना," म्हणून मी स्पीकर लावला.

"नमस्कार. मी मॉरिशसहून बोलत आहे. आपण कुशल आहात ना?"

चक्क मराठीत.

सव्वीस वर्षांत गाझियाबादमध्ये मला अनोळखी नंबरावरून कधी मराठीत फोन आलेला नाही. बँक हिंदीत बोलते, गॅसवाला हिंदीत, मोबाइल कंपनी हिंदीत आणि इंग्रजीत आळीपाळीने. आमच्याकडे मराठीत फोन येतो तो नातेवाइकांचा, आणि शनिवारी सकाळी आला तर बहुधा कुणीतरी गेल्याचा. ही बाई शब्द निवडून, पुस्तकातल्यासारखं बोलत होती. तिचा र घशातून येत होता.

"तुमचे चौदा प्रश्न मी वाचले," ती म्हणाली. "इथे सगळे हसले. मला मात्र आवडले. आडनाव पाहिलं आणि म्हटलं, यांच्याशी मराठीतच बोलावं."

"बोला," मी म्हणालो.

"मी मोजून आले. काल दुपारी ओहोटीला एक्केचाळीस पावलं, आज आत्ता भरतीला बावीस. माझी पावलं लहान आहेत, बरं का. तळाला वाळू आहे, पण डाव्या हाताला खडक, तिथे जायचं नाही. आणि एक सांगते. एजंटाने तुमच्यासाठी धरलेली खोली घेऊ नका."

"का?"

"आमचं हॉटेल समुद्रात शिरलेल्या टोकावर आहे. एक बाजू वाऱ्याची, एक आडोशाची. तुमची खोली वाऱ्याच्या बाजूला. जूनमध्ये इथे वारा फार. पाणी खवळतं. वहिनी नव्या शिकल्या आहेत ना? त्यांना ते चालणार नाही. आडोशाला नऊ खोल्या आहेत, त्यांतली एक मी गुरुवारपर्यंत धरून ठेवते. तुम्हाला एक कागद पाठवते मेलवर, त्यावर फक्त हो म्हणा."

"कागद म्हणजे लिंक?"

"हो, तेच. लिंक."

मी विचारलं, "तुम्ही मराठी कुठे शिकलात?"

"आजीकडे. नंतर शाळेत. आमचे लोक रत्नागिरीकडून आले म्हणतात, केव्हा ते कुणालाच नीट ठाऊक नाही. तुमचं गाव कोणतं?"

तो प्रश्न ऐकला आणि मी म्हणालो, "मी मीटिंगमध्ये आहे," आणि फोन बंद केला. मी बनियनवर होतो, समोर पोह्यांची बशी होती.

"बाबा!" मुलगी म्हणाली. "किती गोड बोलत होती यार. आणि ओहोटी म्हणजे काय?"

"पाणी मागे सरतं ती."

"बघ. मला येत नाही, तिला येतं. फ्रॉड असती तर हिंदीत नसती का बोलली?"

"मराठीत बोलली, म्हणूनच फ्रॉड."

हे मी उगाच म्हणत नव्हतो. आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर एक बंगाली काका राहतात, निवृत्त इंजिनियर, माझ्यापेक्षा हुशार माणूस. त्यांना दोन महिन्यांपूर्वी असाच एक फोन आला होता, एका मोठ्या हॉटेलच्या नावाने, मधाळ बंगालीत. गाव कोणतं, माशांत काय आवडतं, इथपासून सुरुवात झाली आणि शेवटी त्यांच्या खात्यातली बरीच मोठी रक्कम गेली. काका नंतर लिफ्टमध्ये मला म्हणाले होते, "भाईसाहब, अपनी भाषा सुनके आदमी दरवाज़ा खोल देता है।" ते वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

शिवाय तिचं बोलणं पत्रकाशी जुळत नव्हतं. पत्रक म्हणतं पाच मीटर, ही म्हणते बावीस पावलं. पत्रक म्हणतं बारा महिने संथ पाणी, ही म्हणते खवळतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, माल विकणारा माणूस स्वतःच्या मालाला नावं ठेवत नाही. मी भेटलेला एकही ठेवत नाही. म्हणजे ही विकणारी नाही. मग ही कोण?

आज लिहिताना मला माझी चूक स्पष्ट दिसते. ज्या पत्रकावर मी तीन आठवडे काडीचा विश्वास ठेवला नव्हता, त्याच्या विरोधात कुणीतरी बोललं आणि मी त्याच पत्रकाला प्रमाण मानून त्या बाईला खोटं ठरवलं. प्रयोगशाळेत कुणी असं केलं असतं तर मी त्याला केबिनमध्ये बोलावलं असतं. पण त्या शनिवारी मला स्वतःच्या सावधपणाचा अभिमान वाटत होता. मी नंबर ब्लॉक केला. सरकारच्या सायबर तक्रारीच्या पोर्टलवर नोंदवला. मग हॉटेलला मेल लिहिला: तुमच्या ग्राहकांची माहिती बाहेर फुटते आहे, तुमच्या नावाने एक मराठी बोलणारी स्त्री लोकांना फोन करते आहे, कृपया तिचा शोध घेऊन कारवाई करावी.

"आईला सांगू नकोस," मी मुलीला म्हणालो. "उगाच टेन्शन घेईल."

"नाही सांगत. पण तू चुकतोयस."

रविवारी मेलवर ती लिंक आली. मी न उघडता काढून टाकली. सोमवार गेला, मंगळवार, बुधवार गेला. बायको रोज पूलवरून येऊन विचारायची, "काय म्हणतंय हॉटेल?" मी म्हणायचो, "तपासतोय." ती टॉवेल वाळत घालताना गुणगुणत असायची. डाव्या हाताने घालायची, उजवा वर नेताना ओठ दाबायची. गुरुवारही गेला.

पुढच्या सोमवारी हॉटेलच्या मॅनेजरचं उत्तर आलं. आमचा घरचा मेल सगळ्यांचा एकच आहे, त्यामुळे ते बायकोने आधी वाचलं. मी ऑफिसातून आलो तेव्हा ती लॅपटॉपसमोर बसली होती, चष्मा डोक्यावर.

"ही मराठी बोलणारी स्त्री कोण?" तिने विचारलं.

मी फोनचं, पोर्टलचं सांगायला लागलो. तिने हात वर केला, डावा, आणि मेल वाचून दाखवला. इंग्रजीत चार ओळी होत्या. तक्रारीबद्दल आभार. संबंधित कर्मचारी आमच्याकडे अकरा वर्षं आहे. तिच्याकडे खुलासा मागितला असता तिने सांगितलं की पाहुण्यांच्या प्रश्नांची उत्तरं देण्यासाठी तिने सुट्टीच्या दिवशी येऊन किनारा मोजला. गुरुवारपर्यंत होकार न आल्याने आडोशाच्या बाजूची खोली दुसऱ्या पाहुण्यांना दिली आहे. त्या बाजूला आता त्या आठवड्यात जागा नाही.

स्वयंपाकघरात कुकर वाजला. कुणी उठलं नाही.

"तिने मोजलं," बायको म्हणाली.

"हो. पावलांनी."

"सुट्टीच्या दिवशी जाऊन मोजलं. माझ्यासाठी. आणि तुम्ही तिची पोलिसात तक्रार केलीत."

"पोलिसात नाही. पोर्टलवर."

"अच्छा, पोर्टलवर." तिने चष्मा खाली घेतला. "तीस वर्षं तुम्ही खरं बोलणारा काटा शोधताय. एक मिळाला, तर त्याच्यावर कारवाई करा म्हणून लिहिलंत. आणि मला विचारलंही नाहीत. खांदा माझा, पोहणार मी, नि मला सोडून सगळ्यांना माहिती."

मुलगी दारात उभी होती. "आई, मी सांगणार होते..."

"तू गप्प बस."

मी म्हणालो, मी आत्ता फोन करतो. हॉटेलचा मुख्य नंबर त्यांच्या संकेतस्थळावरून घेतला, पत्रकावरच्याशी ताडून पाहिला, मग एजंटाच्या कागदावरच्याशी. बायको बघत होती. "झालं?" ती म्हणाली. मी फोन लावला, तिच्याबद्दल विचारलं. दोन मिनिटं संगीत वाजलं आणि मग तो घशातला र ऐकू आला.

मी मराठीत माफी मागितली. जमेल तेवढी नीट, कारणांसकट. बंगाली काकांचंही सांगितलं.

ती इंग्रजीत म्हणाली, काही हरकत नाही, सर. आणखी काही मदत हवी आहे का, सर?

मी पुन्हा मराठीत बोललो. तिने पुन्हा इंग्रजीतच उत्तर दिलं, अतिशय नम्र. माझ्याशी मराठी बोलायची नाही असं तिने ठरवलं होतं, आणि तो तिचा हक्क होता. बायकोने माझ्या हातातून फोन घेतला.

"ताई, मी बोलते. ते चौदा प्रश्नवाले आहेत ना, त्यांची बायको."

बायको खुर्ची ओढून बसली.

"तुम्ही माझ्यासाठी मोजून आलात, हे मला आज कळलं. मला घरात कुणी सांगितलंच नाही. मी इतकी वर्षं यांच्याबरोबर राहते, मला यांनी अजून पास केलेलं नाही, तुम्हाला एका फोनमध्ये कसं करणार?"

आणि पलीकडून हसू आलं. आधी दाबलेलं, मग मोकळं. मग मराठी.

त्या दोघी पंचवीस मिनिटं बोलल्या. खांद्याबद्दल, चार फुटांच्या पूलबद्दल. तिला मॅनेजरसमोर लेखी खुलासा द्यावा लागला होता. बायकोने तेही खणून काढलं आणि म्हणाली, मॅनेजरला आम्ही आज मेल लिहू, माफीचा, हेच लिहितील. मी मान हलवली. मग बाई म्हणाली, आमच्याकडे आता जागा नाही, आणि वाऱ्याच्या बाजूला मी तुम्हाला येऊ देणार नाही. पण पश्चिम किनाऱ्यावर माझ्या नणंदेचं घर आहे. तिच्याकडे पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत. तिथे जूनमध्ये पाणी तळ्यासारखं असतं.

मी सावरून बसलो. बंगाली काकांनी सांगितलेला पुढचा टप्पा अगदी हाच होता. आधी एक मोठं, खरं नाव, मग "जागा संपली", मग ओळखीतलं दुसरं ठिकाण. मी कागदावर लिहून बायकोपुढे सरकवलं: संकेतस्थळ विचार.

तिने विचारलं. संकेतस्थळ नव्हतं.

मी लिहिलं: फोटो माग.

"फोटो?" बाई म्हणाली. "नणंदेला कधी सुचलं नाही काढायचं. जे येतात ते ओळखीतलेच येतात."

मी तिसऱ्यांदा लिहायला लागलो तेव्हा बायकोने तो कागद उलटा करून त्याच्यावर चहाचा कप ठेवला.

फोन संपल्यावर ती म्हणाली, "मी जाणार."

"अगं, ऐक तरी. हे सगळं अगदी त्याच पद्धतीने..."

"मला कळतंय कुठल्या पद्धतीने. तुम्ही म्हणता तसं असूही शकेल. मी नाही म्हणतेय का? पण जुलैनंतर मला हा हात मिळेल की नाही, ते डॉक्टरला माहिती नाही. तुम्हाला तर अजिबातच नाही."

"मला दोन दिवस दे."

"काय तपासणार?"

"घर आहे की नाही, एवढं तरी."

"तपासा. पण मला निकाल सांगू नका. तुम्ही यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. आम्ही दोघी जातोय."

मुलगी लगेच म्हणाली, "चलो," आणि मला ते जरा लागलं.

मी दोन दिवस उपग्रहाच्या नकाशात ते गाव बघत बसलो. किनारा दिसला, देऊळ दिसलं, शाळेचं मैदान दिसलं. घर जिथे असायला हवं तिथे झाडं होती आणि झाडांखाली पत्र्याचा कोपरा. तो घराचा होता की गोठ्याचा, सांगता येत नव्हतं. पाण्यापासूनचं अंतर काढता येईना, कारण कडा सावलीत होती. दुसरं माप नव्हतं, तिसरं नव्हतं. पहिलं होतं ते एका बाईच्या शब्दाचं, आणि मी तिला आधीच एकदा चुकीचं ठरवलं होतं. आमच्या प्रयोगशाळेत अशा कागदावर मी कधीच सही केली नसती. तिसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला मी म्हणालो, तिकिटं तीन काढा. बायको म्हणाली, "तीनच काढली आहेत. काल."

घरापासून घरापर्यंत, मुंबईत विमान बदलून, साडेसतरा तास लागले. माझ्या बॅगेत पासपोर्टच्या तीन प्रती तीन वेगवेगळ्या कप्प्यांत होत्या, भारतीय उच्चायुक्तालयाचा नंबर कागदावर लिहून पाकिटात होता आणि जवळच्या दुसऱ्या दोन हॉटेलांचे पत्ते मी पाठ केले होते. विमानतळावर नणंदबाई स्वतः आल्या होत्या, छोटी गाडी घेऊन. त्यांना मराठी जेमतेम येत होती. मी सगळा रस्ता फोनवर नकाशा उघडून दिशा बघत होतो. त्यांनी एका ठिकाणी उलटं वळण घेतलं तेव्हा माझा हात दाराच्या कडीकडे गेला. त्या पाव घ्यायला थांबल्या होत्या.

घर होतं. पत्र्याचा कोपरा गोठ्याचाच होता, घर त्याच्या मागे. खोली स्वच्छ, पलंग कुरकुरणारा, गरम पाणी अर्धा तास.

हॉटेलवाली बाई रविवारी भेटायला आली. लहानखुरी, पिकलेल्या केसांची, हातात केळफुलाच्या भाजीचा डबा. बायकोला तिने मिठी मारली, माझ्याशी हात मिळवला. माफी मी फोनवर मागितली होती, पण समोर तिचा हात हातात असताना पुन्हा मागायला हवी होती. मी डब्याचं झाकण घट्ट आहे का ते बघत बसलो.

खरं सांगायचं तर त्या संपूर्ण आठवड्यात मी काहीतरी उलगडायची वाट बघत होतो. कुणीतरी येईल, काहीतरी मागेल, कुठलातरी कागद पुढे करेल. परतीच्या विमानात बसेपर्यंत मी वाट बघत होतो. काही झालं नाही, आणि न झाल्याने माझी खात्री पटली असंही नाही. मी असाच आहे.

सात सकाळी मिळाल्या, त्यांतली एक पावसात गेली. उरलेल्या सहा सकाळी बायको पाण्यात होती. ऑपरेशन जुलैत झालं. आज तिचा उजवा हात कानापर्यंत जातो, त्याच्या वर नाही. फळ्यावर ती आता खालच्या अर्ध्यातच लिहिते. पूलला ती अजून गेलेली नाही. डॉक्टर अजूनही "देखते हैं" म्हणतात.

शेवटच्या सकाळची गोष्ट. पाणी खरोखरच तळ्यासारखं होतं. ती कडेने न जाता सरळ आत गेली, बेडकासारखे पाय मारत, उजवा हात जरा जपून, आणि बांधलेल्या होडीला वळसा घालून परत आली. मी टॉवेल धरून घोट्याइतक्या पाण्यात उभा होतो. ती उभी राहिली, केस मागे सारले, श्वास घेतला.

"किती वाजले?"

"साडेआठ. दहाला निघायचं."

"उद्या नाही ना?"

"उद्या आपण घरी."

तिने टॉवेलकडे बघितलं, घेतला नाही.

"मग दहा मिनिटं थांबा," ती म्हणाली आणि परत आत गेली.